बारका खाईल

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत सत्तरच्या दशकात पोर कुणाच्या घरचं आहे हे त्याच्या सकाळवरून सांगता यायचं. अंधारातच लंगोट खांद्यावर टाकून तालमीकडं पळणारा तो म्हशीवाल्यांचा. माडीची खिडकी उघडून, उगवतीकडं तोंड करून सूर्यनमस्कार घालणारी भावंडं मास्तरांची. कोपऱ्यावरच्या नळाला घागर लावून उभी असलेली, घरातलं सगळं पाणी शाळेच्या आधी भरणारी पोरगी परड्यामागच्या खोलीतल्या हमालाची. आमचं घर या सगळ्यांच्या मधलं. वडील कचेरीत कारकून, पण आबा तरुणपणी जत्रांची मैदानं मारलेले पैलवान. त्यामुळं आमच्याकडं अभ्यासाची शिस्त मास्तरांच्या घरासारखी आणि ताटाची शिस्त तालमीची.

मुलांच्या खाण्याच्या, खेळण्याच्या सवयी घरातून येतात, असं हल्ली डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ वारंवार सांगतात. ते खरंच आहे. पण सांगताना सगळा भार शेवटी एकट्या आईच्या डोक्यावर जातो. तिनं डब्यात काय दिलं, तिनं पोराला मोबाइल का दिला, तिनं भाजी खायला का लावली नाही. त्या घरात तेव्हा किती हात होते, किती तोंडं होती, आणि आता किती आहेत, हे कुणी विचारत नाही. मला या लेखात तेवढंच विचारायचं आहे.

आधी तालमीचं सांगते, कारण पेठेतल्या पोरांचं खाणं आणि हालचाल यांची गाठ तिथं सगळ्यांत घट्ट बसलेली होती. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं, आणि शहरात पेठेपेठेत तालमी नांदू लागल्या. तालीम म्हणजे नुसती व्यायामाची जागा नव्हे. तिथं पोरगा कुणाचा कोण, घरी काय खातो, रात्री कधी झोपतो, सगळं वस्तादाला ठाऊक असे. जोर किती मारलेस, बैठका किती झाल्या, हे विचारायच्या आधी वस्ताद विचारी, ‘सकाळी पोटात काय गेलं?’ हौद्यातली लाल माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली असायची. पोरं ती रोज खोऱ्यानं उकरून परत सपाट करत. तो उकरण्याचा घामच निम्मा व्यायाम होता.

आणि या व्यायामामागं एक अख्खं घर उभं असे. म्हशीवाल्यांच्या थोरल्याचा खुराक मी रोज बघितला आहे. रात्री बदाम भिजत घातले जात. सकाळी त्याची आई एकेक बदाम दोन बोटांत दाबून साल काढी, मग मोठ्या कुंडीत बडीशेप, खसखस, मिरीबरोबर ते टाकी आणि कडुलिंबाच्या सोट्यानं घोटायला बसे. सोटा घुमवायला एक जण लागे, कुंडी पायात धरायला दुसरा. ते काम बहुतेक वेळा धाकट्या भावाकडं. दूध ओतत ओतत घोटलं की वर पांढरा फेस येई, आणि फडक्यातून गाळून ती थंडाई पितळेच्या मोठ्या पेल्यातून पैलवानाच्या हातात जाई. फडक्यात उरलेला चोथा आम्हा गल्लीतल्या पोरांना. त्याची चव मला अजून आठवते, थोडी कडसर, थोडी तिखट. संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी आणून बांधलेल्या असत आणि लोक समोर धार काढून घेत. कासंडीतलं फेसाळ, कोमट दूध पोरं तिथंच उभ्यानं पीत. दूध तापवूनच प्यावं हे आजचं शास्त्र बरोबर आहे. पण दूध कुठून येतं, ते काढायला माणसाला काय कष्ट पडतात, हे त्या पोरांना पाहूनच कळलेलं असे.

ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक पदक मिळवून देणाऱ्या खाशाबा जाधवांचं उदाहरण आमच्याकडं जेवताना हमखास निघायचं. कराडजवळच्या गोळेश्वरचे ते. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, म्हणजे कुस्ती घरातच. आबा मात्र पुढचं सांगत. खाशाबा शिकायला कोल्हापूरला राजाराम कॉलेजात आले, आणि १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. आबांना हे सांगताना दरवेळी भरून येई. पोर घरातून घडतं हे खरं. पण घराची ताकद जिथं संपते तिथून पुढं दुसऱ्या कुणीतरी हात द्यावा लागतो, आणि तेव्हा तसे हात होते.

आता आमच्या घरातलं ताट. आजी, आबा, आम्ही, दोन चुलते, त्यांची पोरं, अधूनमधून राहायला येणारी आतेभावंडं. दुपारी पंगत बसे ती पोरांचीच मोठी. ज्वारीची भाकरी, एक कोरड्यास, आमटी, कांदा, शेंगांची चटणी. कोरड्यास म्हणजे ऋतूनुसार जे मंडईत स्वस्त असेल ते. पावसाळ्यात आंबाडी, हिवाळ्यात चाकवत आणि हरभऱ्याची पानं, उन्हाळ्यात बेसन नाहीतर कडधान्याची उसळ. शेपू मला अजिबात आवडत नसे. मी ती ताटाच्या कडेला सारून ठेवी. आजी रागावत नसे, समजावतही नसे. ती एवढंच म्हणे, ‘नगं आसंल तर ऱ्हाऊ दे, बारका खाईल.’

आणि बारका खायचा. शेजारच्या ताटातला हात यायचा, माझी शेपू उचलून न्यायचा. माझ्यासाठी वेगळं काही शिजत नसे. भाकरी, चटणी होती, त्यावर पोट भरे. आठवड्यानं पुन्हा शेपू. पुन्हा मी बाजूला सारी, पुन्हा बारका खाई. कधीतरी एका दुपारी त्याचा हात पुढं आला तेव्हा मी ताट मागं ओढलं. केव्हापासून मला शेपू आवडायला लागली ते सांगता येणार नाही. आज माझ्या स्वयंपाकघरात ती आठवड्याला शिजते.

पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं की लहान मुलांच्या आहारावर अभ्यास करणारे हेच सांगतात. नवी चव मुलाला एकदा देऊन भागत नाही. आठ-दहा वेळा, काही वेळा त्याहूनही जास्त वेळा ती समोर यावी लागते, तीही बळजबरी न करता. तेव्हा कुठं जीभ तिला आपलं म्हणते. आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिला ते परवडत होतं, इतकंच. माझ्या ताटातली नाकारलेली भाजी कधी वाया गेलीच नाही, कारण ती खाणारं दुसरं तोंड हातभर अंतरावर बसलेलं होतं. मी दहा वेळा नाही म्हटलं तरी आजीचा एक पैसा बुडत नव्हता.

तिखटाचंही असंच. आमच्याकडं रविवारी मटण शिजे. चटणी, मसाला पडायच्या आधी हळद-मिठात शिजलेल्या मटणाचं पाणी आई वाट्यांतून काढून ठेवी. त्याला आम्ही अळणी म्हणतो. दात न आलेल्या पोरालाही त्यात भाकरी कुस्करून चार घास मिळत. मग पांढरा रस्सा, मग तांबड्याचा नुसता कट वरून, मग पुरता तांबडा. एका पातेल्यातून वयाप्रमाणं पायऱ्या निघत. मुलांसाठी वेगळा पदार्थ असा नव्हताच. मोठी माणसं जे खातात तेच मुलाचं होणार, फक्त थोडं आधी उतरवून घेतलेलं. मास्तरांकडं मटण नसे. तिथं मऊ भात, त्यावर तूप, मेतकूट, नंतर वरण, नंतर चिंच-गुळाची आमटी. पदार्थ निराळे, रीत तीच.

मास्तरांच्या घरातल्या सूर्यनमस्कारांचा उगम औंध संस्थानातला. त्यांचे वडील औंधला शिकले होते. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि त्यांनी ते आपल्या संस्थानातल्या शाळांतही लागू केले होते. एका राजाची सवय शाळेत, शाळेतून एका मुलात, आणि त्या मुलाच्या मुलातून आमच्या गल्लीच्या माडीवर, असा तो प्रवास. मास्तरांच्या घरात नमस्कार झाल्याशिवाय दूध नसे. दोन्ही भावंडं आज साठी ओलांडून गेली आहेत आणि अजून नमस्कार घालतात.

खेळाबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण आमच्या पिढीनं त्यावर पुष्कळ लिहिलं आहे. विटी-दांडू, लगोरी, सूरपारंब्या, आट्यापाट्या, पोरींची जिबली आणि पंचमीला झिम्मा-फुगडी. खेळांची नावं सगळ्यांना पाठ आहेत. त्या खेळांना लागणारी एक गोष्ट मात्र सांगायची राहून जाते. ती म्हणजे उंबऱ्यावर बसलेली मोठी माणसं. तांदूळ निवडणारी कुणाची आजी, बिडी ओढत बसलेले आबा, रिकामा वेळ असलेला दुकानदार. कुणाचं डोकं फुटलं तर हळद घेऊन जवळचीच काकी धावे, मग तो पोरगा कुणाचाही असो. आईला त्यासाठी घराबाहेर यावं लागत नसे. पंचगंगेच्या घाटावर आमचे भाऊ पोहायला शिकले ते पाठीला डबा बांधून, आणि त्यांना पाण्यात ढकलणारे काका सख्खे नव्हते. खेळायला पैसे लागत नव्हते, असं आपण म्हणतो. आईबापाचा वेळही लागत नव्हता. तो गल्लीतल्या सगळ्यांनी वाटून घेतलेला होता.

हे सगळं मी मायेनं लिहिते आहे. पण त्या काळाला नुसतं सोन्याचा मुलामा द्यायला माझं मन तयार नाही. परड्यामागच्या खोलीतल्या त्या मुलीचं ताट मी विसरू शकत नाही. तिचा बाप गुळाच्या बाजारात हमाली करी. गुळाच्या रव्यांची पोती वाहून त्याचा खांदा एका बाजूला कललेला. हंगाम असेल तोवर रोजगार, पावसाळ्यात उधारी. त्या दशकातल्या दुष्काळाच्या वर्षांत रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळायची. आमच्याकडं ती एकदा आणून आजीनं म्हशीवाल्यांना दिली. हमालाच्या घरी तीच रोजची भाकरी होती. शाळेत सुकडी वाटत तेव्हा ती मुलगी अर्धी खाऊन अर्धी ओढणीच्या टोकाला बांधून धाकट्या भावासाठी नेई. ती दिवसभर चालायची, पाणी भरायची, बापाला भाकरी पोचवायला मार्केट यार्डापर्यंत जायची. हालचालीला तिच्या आयुष्यात काही कमी नव्हतं. कमी होतं ते पोटात पडणारं. तिची उंची खुंटलेली होती हे मला मोठेपणी कळलं. लहानपणी आम्ही तिला आमच्याहून धाकटी समजत होतो.

तालमीच्या घरांतही मुलींचं ताट निराळं होतं. म्हशीवाल्यांच्या थोरल्याला बदाम आणि त्याच्या बहिणीला, आमच्यासारखाच, गाळून उरलेला चोथा. मटणातली नळी मुलग्यांच्या पानात पडे. आमच्या घरातसुद्धा आई, काकी आणि मोठ्या चुलतबहिणी शेवटी जेवत, आणि तेव्हा पातेल्यात रस्सा असे, तुकडे नसत. पंगतीत ‘बारका खाईल’ असं म्हटलं जाई, ‘बारकी खाईल’ असं फारसं ऐकलं नाही. मुलींना तालमीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल नव्हतं. मी दाराशी तांब्या घेऊन उभी राहून आत बघायची, तेवढंच.

आता तीच गल्ली. म्हशीवाल्यांच्या गोठ्याच्या जागी चार मजली अपार्टमेंट आहे. तळमजल्यावर पार्किंग, आणि पार्किंगच्या भिंतीवर लाल अक्षरात पाटी, ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’. बोळात दोन्ही बाजूंना मोटारसायकली उभ्या, मधून एक माणूस जेमतेम जातो. उंबरेच नाहीत, त्यामुळं उंबऱ्यावर बसलेलं कुणी नाही. माझ्या चुलतभावाचा मुलगा आणि सून तिसऱ्या मजल्यावर राहतात. दोघंही नोकरी करतात. त्यांचा मुलगा दुसरीत आहे. हुशार, गोड पोरगा. आठवड्यातून तीनदा स्केटिंगचा क्लास, शनिवारी टर्फवर फुटबॉल. टर्फचे पैसे तासावर. त्याला न्यायला-आणायला कुणीतरी सुटं असावं लागतं. ज्या आठवड्यात दोघांनाही सुटता येत नाही त्या आठवड्यात पोरगा चार भिंतींत. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी दमवणारी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या लहानपणी ती साठ मिनिटं गल्ली देत होती. आता ती आईबापाच्या पगारातून आणि रजेतून काढावी लागतात.

याच सुनेनं मला एकदा फार कळकळीनं विचारलं, ‘आत्या, हा भाजी खातच नाही, मी काय करू?’ मी तिला शेपूची गोष्ट सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘आत्या, मी दोनदा केली, दोनदा डब्यातून तशीच परत आली. मी रात्री सातला घरी येते. तिसऱ्यांदा करायला मला धीर होत नाही.’ तिचं म्हणणं मला पटलं. तिच्या घरी बारका नाही. परत आलेली भाजी एक तर तिनं खायची, नाहीतर टाकायची. मग ती जे नक्की संपेल तेच करते. बटाटा, पनीर, पास्ता. त्या पोराच्या जिभेला दहा वेळा शेपू भेटणार कशी?

आणि हे तिच्यासारख्या दोन पगारांच्या घरात. त्यांच्याकडं धुणंभांडी करायला येणाऱ्या ताईंचा मुलगा त्याच वयाचा आहे. तो शाळेतून येताना पाच रुपयांचं पाकीट फोडत येतो. लोक म्हणतात, या बायकांना कळत नाही. त्यांना सगळं कळतं. अमेरिकेत बोस्टनजवळच्या कुटुंबांवर झालेल्या एका अभ्यासात हेच दिसून आलं होतं. कमी उत्पन्नाच्या घरातल्या आया मुलांना नव्या भाज्या देऊन बघायला कचरतात, कारण मूल नाही म्हणालं तर गेलेले पैसे परत येत नाहीत आणि पोर उपाशी राहतं. ज्यांच्याकडं पैसा आहे त्यांना ती नासाडी सोसते. मला हे वाचताना बोस्टन दिसलं नाही, या ताईच दिसल्या. वीस रुपयांची मेथी आणली आणि पोरानं ढकलली तर वीस रुपये गेले. पाच रुपयांचं पाकीट हमखास संपतं, पोरगं हसतं, आणि दिवसभर त्याला ‘नाही’ म्हणत राहावं लागलेल्या आईला एकदा ‘हो’ म्हणता येतं. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा तेल-साखर-मिठाचे पदार्थ विकू नयेत असा नियम २०२० साली झाला. पाकिटांच्या माळा शाळेसमोरच्या टपरीवर लटकलेल्या मी अजूनही बघते. तो नियम पाळला गेला पाहिजे, आणि त्यासाठी ओरडायचं काम पालकांइतकंच आपलं सगळ्यांचं आहे.

भाकरीचं तर सगळंच उलटं झालं. आमच्या लहानपणी चपाती सणाला, पाहुणा आला तर, आणि गव्हाची पोळी रोज खाणारं घर म्हणजे बऱ्यापैकी खातंपितं. ज्वारी सगळ्यांची. मग रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळू लागले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं ते हक्काचे झाले आणि २०२३ पासून फुकट. भुकेच्या दृष्टीनं ही मोठीच गोष्ट आहे. हमालाच्या त्या मुलीच्या वेळी हे असतं तर तिची उंची कदाचित वाढली असती. पण ज्वारीचा पेरा घटत गेला आणि भाव चढत गेला. आता ताईंच्या घरी रेशनच्या गव्हाची चपाती, आणि तिसऱ्या मजल्यावर, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, आठवड्यातून दोनदा ज्वारीची भाकरी, तीही पोळी-भाजी केंद्रातून विकत आणलेली. आजीच्या हातावर थापली जाणारी, तव्यावर पाणी फिरवून उलटलेली, मग थेट निखाऱ्यावर टम्म फुगणारी भाकरी माझ्या भाच्या-पुतण्यांच्या पोरांनी फक्त हुरडा पार्टीत पाहिली आहे.

दुधाचंही थोडं बोलायला हवं. १९६३ साली कोल्हापूर जिल्हा दूध संघ, म्हणजे आपला गोकुळ, सुरू झाला आणि खेडोपाडच्या घरात दुधाचा पैसा आला. दर दहा दिवसांनी हातात येणारं दुधाचं बिल हा हजारो बायकांचा खरा आधार झाला. त्या पैशावर पोरं शिकली. पण पूर्वी घरात उरणारं दूध, त्याचं ताक, त्या ताकातली कढी, हे सगळं पहाटेच्या कॅनबरोबर संघात जाऊ लागलं. माझी मावसबहीण भुदरगड तालुक्यात राहते. दारात दोन म्हशी आहेत, आणि नातवंडांच्या हातात चहा-बटर. ती म्हणते, ‘फॅट बघून बिल येतंय गं, घरात किती ठेवायचं?’ यात तिचा दोष काढायला मला जीभ रेटत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानानं खुंटलेली आढळली. त्याच राज्यात वजन जास्त असलेल्या मुलांचं प्रमाण आधीच्या फेरीतल्या १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेलं. म्हणजे हमालाची मुलगी अजून आपल्यात आहे, आणि तिच्या शेजारी, कधी कधी त्याच वस्तीत, पाकिटावर सुटलेलं पोरही आहे. पूर्वी कुठल्या घरात जन्मलात त्यावर ताटात किती पडणार ते ठरे. आता काय पडणार, कोण वाढणार, आणि नंतर धावायला जागा मिळणार की नाही, हेही त्यावर ठरतं. घराचा भार हलका झालेला नाही, वाढला आहे. आणि तो उचलायला माणसं कमी.

तालीम अजून आहे. पेठेतली पोरं मात्र तिथं थोडी. आत राहतात ती बहुतेक खेड्यांतून, दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेली. पहाटे जोर मारतात, आपला स्वयंपाक आपण करतात, गॅसवर मोठ्या पातेल्यात दूध आटवतात. बाप कुठं ऊसतोडीची मुकादमी करतो, कुठं दोन एकर जिरायत कसतो, आणि महिन्याचा खुराक पाठवतो. त्या बापांनी स्वतःच्या तोंडचा घास काढून पाठवलेला तो पैसा आहे. एका गोष्टीचा मात्र मला मनापासून आनंद आहे. जिथं मला उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागलं त्या खेळात मुली आल्या. २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी ती गदा घेऊन गेली. त्या मुलींच्या घरी बदाम कुणाच्या पेल्यात जातात, हे निराळं सांगायला नको. म्हशीवाल्यांच्या त्या मुलीला मी प्रतीक्षाचा फोटो पाठवला. ती आता आजी आहे. तिनं लगेच फोन केला आणि बराच वेळ तिच्या नातीबद्दलच बोलत राहिली.

जुनी पंगत परत आणता येईल असं मी म्हणत नाही. चुलत्यांनी एकत्र राहावं, सुनांनी नोकऱ्या सोडाव्यात, असलं काही तर अजिबात नाही. त्या पंगतीमागं आई आणि काकीचं सगळं आयुष्य गेलं. पण ‘बारका खाईल’ म्हणायला लागणारी गर्दी एका ठिकाणी अजून शिल्लक आहे, आणि तिच्याकडं आपलं लक्ष नाही. ती म्हणजे शाळेतली खिचडी. १९९५ साली ही योजना आली तेव्हा पुष्कळ ठिकाणी मुलांच्या हाती घरी न्यायला कोरडा तांदूळ दिला जाई. २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलंच अन्न द्या असा आदेश दिला आणि शाळेत पंगत बसू लागली. मावसबहिणीच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी ती पाहिली. व्हरांड्यात दोन रांगा. हमालाचं, सरपंचाचं, ऊसतोड्याचं पोर एका ओळीत. शाळेमागच्या परसबागेतला पालक आमटीत पडलेला. एका चिमुरडीनं पालक बोटानं बाजूला काढला, शेजारच्या पोरानं तो उचलून खाल्ला, आणि तिनं त्याच्याकडं टक लावून पाहिलं. वाढणाऱ्या ताई म्हणाल्या, ‘पैल्यांदा कुणीच खात न्हाई. दिवाळीपतूर समदी खात्यात.’

शहरातल्या, शिकलेल्या घरांतले आपण आपली मुलं या पंगतीतून उचलून कधीच खासगी शाळांच्या डब्यांकडं नेली. डबा एकट्याचा असतो, आणि संपला नाही तर तसाच घरी येतो. त्या खासगी शाळांनी आठवड्यातून दोन दिवस तरी एकत्र शिजवून एकत्र वाढावं, अपार्टमेंटच्या सभेत पार्किंगची ती लाल पाटी काढण्याचा ठराव कुणीतरी मांडावा, संध्याकाळी तासभर गाड्या बोळाबाहेर लावाव्यात आणि आळीपाळीनं दोन मोठ्या माणसांनी खुर्च्या टाकून बसावं. आमच्या अपार्टमेंटमध्ये मी हा ठराव लिहून दिला आहे. आणि खिचडी शिजवणाऱ्या त्या ताई, ज्यांना आजही पगार म्हणून नव्हे, मानधन म्हणून जेमतेम काही मिळतं आणि तेही महिनोन्महिने थकतं, त्यांना आधी पोटापुरतं द्यावं. पन्नास-शंभर पोरांची जीभ घडवण्याचं काम त्या करत आहेत.